मागे केलेला हात

काम तसं किरकोळ होतं. डोंगरातल्या कायानो गावात एका कॉपियरमध्ये कागद अडकत होता. जायचं, बघायचं, दुरुस्त करून परत यायचं. रस्ता मोकळा असेल तर काम धरून जाऊन येऊन चार तास.

तुम्हा सगळ्यांना आज आपापली हत्यारांची पेटी मिळाली. जेवणापासून बघतोय, जो तो पेटी उघडतोय, स्क्रू-ड्रायव्हर हातात घेऊन तोलतोय, परत ठेवतोय. आम्हीही असंच केलं होतं. उद्या सकाळी एकेक गाडी घेऊन तुम्ही एकेकटे निघाल, म्हणून म्हटलं, ही गोष्ट आज रात्री तुमच्या कानावर घालावी. ज्याला झोप येतेय त्याने खुशाल झोपावं. तो हीटर तेवढा बारीक करा, फार घरघरतोय.

ज्याच्या बाबतीत हे घडलं तो कामोशिता. हामादाच्या दुरुस्ती-डेपोत दोन वर्षं त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. फुशारक्या मारणारा माणूस नव्हे. खरं तर बोलणाराच नव्हे. वय अडतीस. मूळचा हिरोशिमाचा. तिथल्या शाखेतली माणसं कमी केली तेव्हा याला आमच्याकडे पाठवलं. बायको आणि मुलगी तिकडेच राहिल्या. पहिल्या वर्षी तो दर पंधरा दिवसांनी जायचा, मग महिन्याने, मग एक दिवस टपालाने घटस्फोटाचे कागद आले आणि जाणं थांबलं. एका लाँड्रीच्या वरची खोली, रात्री दुकानातला तयार डबा, टीव्ही लावलेला पण आवाज बंद. असं त्याचं चाललं होतं.

त्याची एक सवय होती. काम करताना तो हत्याराचं नाव मोठ्याने घ्यायचा. "चिमटा," म्हणायचा आणि चिमटा उचलायचा. "ब्रश," म्हणायचा आणि ब्रश उचलायचा. ऑफिसातल्या मुली हसायच्या. तो एकदा मला म्हणाला, "दिवसभरात तेवढंच बोलणं होतं हो. नाही बोललो तर जीभ गंजेल."

तारीख सांगतो. २०१८ सालची सहा फेब्रुवारी, मंगळवार. दुपारी तीनला तो निघाला तेव्हा हामादात बर्फाची नुसती भुरभुर होती. डेपोचे मुख्य होते मुकाई. साठी गाठलेले, गुडघ्यांनी अधू. त्यांचा एक कडक नियम होता. पोहोचलात की फोन, निघालात की फोन. पोरं त्यांना पाठीमागे 'आई' म्हणायची.

"कायानोला जातोयस?" मुकाईंनी दारात अडवून विचारलं.

"हो. उद्या तिथे डॉक्टर येणारेत, म्हणून आजच हवंय म्हणे."

मुकाई काही तरी बोलणार होते. मग नुसतं म्हणाले, "फोन कर."

"करतो, आई," कामोशिता म्हणाला. एवढी थट्टा त्याने दोन वर्षांत पहिल्यांदाच केली होती. मुकाई हसले नाहीत.

घाट चढताना बर्फ वाढत गेलं. साडेपाचला तो कायानोत पोहोचला. तिथे पूर्वी शाळा होती. गावात मुलंच उरली नाहीत तेव्हा ती बंद झाली आणि शिक्षकांच्या खोलीत ग्रामकचेरी आली, शेजारच्या वर्गात दवाखाना. आठवड्यातून एकदा, बुधवारी, डॉक्टर. कचेरी सांभाळायला एकच बाई, इनाओका फुमिए. साठीच्या आसपास. आईला बघायला म्हणून तीन वर्षांपूर्वी ओसाकाहून परत आलेल्या.

"या, या. हा बघा तुमचा रोगी," त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनकडे बोट केलं. "डॉक्टरांशी याचं वाकडं असावं. बरोबर मंगळवारी आजारी पडतं."

"बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस आमच्या गावासारखं. कुरकुरतं, पण चालतं."

मशीन नऊ वर्षांचं होतं. कामोशिताने चालवून पाहिलं. तिसरा कागद आत गेला तो आलाच नाही.

"हे आज होईल ना हो?" बाईंचा आवाज बदलला. "उद्या एकोणीस जण येणारेत. सगळी सत्तरीच्या पुढची. औषधांच्या चिठ्ठ्या इथूनच निघतात. मागे एकदा डॉक्टरांनी हाताने लिहून दिल्या, तर एक अक्षर लागत नाही म्हणून औषधवाल्याने ओतानी आजोबांना परत पाठवलं. दोन बस बदलून. अशाच बर्फात. घरी पोहोचले ते तापच घेऊन."

"होईल," कामोशिता म्हणाला.

बाईंनी थर्मासमधला चहा ओतून दिला, डब्यातले भाताचे दोन गोळे आणि मुळ्याचं लोणचं पुढे केलं. "घरून डबा नाही आणलात?"

"घरी कोणी नाही. बायको हिरोशिमाला असते."

"आणि तुम्ही इकडे."

"आणि मी इकडे."

आपल्यासाठी ठेवलेला तिसरा गोळाही बाईंनी त्याच्या ताटलीत ठेवला. पावणेसातला त्या निघाल्या, कारण आईला एकटं ठेवता येत नव्हतं. जाताना किल्ली दिली. "कुलूप लावा आणि किल्ली पत्रांच्या पेटीत टाका. रॉकेलची शेगडी आठवणीने बंद करा. आणि बर्फ फार झालं तर दवाखान्यात खाट आहे. लाजू नका."

बाहेर त्यांच्या बुटांचा आवाज थोडा वेळ आला. मग तोही बर्फाने खाऊन टाकला. कामोशिताने फोन करून मुकाईंना सांगितलं, पोहोचलोय, काम सुरू करतोय. आणि तो एकटा उरला.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं एका गोष्टीवर आहे. दारापासून मशीनपर्यंतची जमीन ओल्या बुटांनी भिजली होती. ओल्यात हत्यारं ठेवू नयेत हे तुम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलंय. म्हणून त्याने पेटी ठेवली खोलीच्या मधल्या टेबलावर. तिथे फडकं अंथरून हत्यारं ओळीने मांडली. टेबल मशीनपासून पाच पावलांवर. ते त्याला आवडलं नव्हतं, दर वेळी उठावं लागणार होतं. पण इलाज नव्हता.

मशीन बंद केलं. वायर काढली. मागची झाकणं उतरवली, टोनरची, म्हणजे कोरड्या शाईची, पूड शोषून घेतली. मग फ्यूजर निवायची वाट बघत बसला. फ्यूजर म्हणजे कागदावरची पूड तापवून पक्की करणारा भाग, तो गरम असताना हात घातला तर कातडी तिथेच राहते. अर्ध्या तासाने तो गुडघे टेकून बसला, डोकं आणि खांदे मशीनच्या पोटात घातले. कपाळावर बॅटरी.

बिघाड लगेच कळला. गरम रोलरवरून कागद सोलून काढायला बारीक नखं असतात. चारपैकी एका नखाची स्प्रिंग निसटली होती. स्प्रिंग कुठे तरी आतच पडली असणार.

"लांब स्क्रू-ड्रायव्हर," तो म्हणाला आणि न बघता हात मागे केला.

स्क्रू-ड्रायव्हरची मूठ तळव्यात आली. त्याने दोन स्क्रू सैल केले.

"आरसा."

दातांचे डॉक्टर वापरतात तो बारीक आरसा. तो आला. त्याने फ्यूजरच्या खाली आरसा फिरवला. तळाशी, तारांच्या मागे, स्प्रिंग चमकली. तांदळाच्या दाण्याएवढी.

"चिमटा."

चिमटा आला. त्याने श्वास धरून स्प्रिंग उचलली. तिचं एक टोक नखाच्या भोकात अडकवलं. डाव्या हाताने नख धरून ठेवलं. आता दुसरं टोक ओढून चौकटीवर चढवायचं. त्याला चिमटा चालत नाही, टोक वळलेला बारीक आकडा लागतो. तो म्हणणार होता, आकडा...

आणि थांबला.

पेटी टेबलावर होती. टेबल पाच पावलांवर.

तो उठला नव्हता. एकदाही उठला नव्हता.

कामोशिताने मला सांगितलं, त्या क्षणी भीती वाटली नाही. आधी हिशेब केला. मी उठलो असेन. सवयीने उठलो असेन, लक्षात नसेल. गुडघे बघितले. ज्या दोन फरश्यांवर ते टेकले होते, तिथेच होते. पँटवर ओल त्याच जागी. मागे वळायला जागा नव्हती. डावा हात नखावर. सोडला तर स्प्रिंग उडणार, या वेळी कुठे जाईल देवाला ठाऊक.

आरसा रोलरच्या चौकटीला टेकवून ठेवला होता. तो घसरला. थोडासाच. कोन बदलला.

त्यात आता मशीनचं पोट दिसत नव्हतं. त्याच्या खांद्यावरून मागची खोली दिसत होती. नखाएवढी खोली. दिव्याचा पिवळा ठिपका. आणि त्याच्या अगदी मागे, उकिडवं बसल्यावर गुडघ्यावर हात ठेवावा तशी... एक बाही.

निळी. आपल्यासारखीच कामाच्या कोटाची. मनगटाशी राखाडी पट्टी.

आपल्या कोटाला राखाडी पट्टी नसते.

बाही हलली नाही.

तो बघत राहिला. श्वासाने आरशावर वाफ धरली. पुसायला हात उचलवेना. वाफ गेली तेव्हा त्यात नुसता दिवा.

भिंतीवरचं घड्याळ टिकटिकत होतं. शाळेचं जुनं घड्याळ. आठ वाजत आले असावेत. बाहेर काहीही नाही. बर्फ पडतं तेव्हा आवाज नसतोच. तसा... नसलेला आवाज.

उठावं. नख सोडावं, कोट घ्यावा, गाडीत बसावं. सकाळी फोन करावा, मशीन जुनं झालंय, जमलं नाही. कोण काय म्हणणार होतं. डोक्यात हे सगळं झालं. आणि त्याबरोबर, कारण नसताना, न पाहिलेले ओतानी आजोबा आले. दोन बस बदलून.

एक स्प्रिंग. एवढंच राहिलं होतं.

उजवा हात रिकामा होता. त्याने तो मागे केला. हळू. तळवा वर.

"आकडा..."

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

काही नाही.

घड्याळ.

काही नाही.

खांदा भरून आला. त्याने डोळे मिटून घेतले. तो मला म्हणाला, "तेव्हा मला दोन्ही गोष्टी वाटत होत्या. काही येऊ नये. आणि यावं."

आलं.

थंड. बारीक. वजन नसल्यासारखं. त्याने मूठ मिटली. आकडाच होता. टोक बरोबर कामाच्या बाजूला, जसं दिलं की घेणाऱ्याला बोटं बदलावी लागत नाहीत. हे कुणी शिकवल्याशिवाय येत नाही. वर्षानुवर्षं दिल्याशिवाय येत नाही.

त्याने स्प्रिंग ओढली. टक्. बसली.

"आभारी आहे," तो म्हणाला. विचार करून नव्हे. तोंडातून गेलं.

मागे गुडघ्यांवर जोर देऊन माणूस उठतो तेव्हा कपड्यांची जी सळसळ होते, ती झाली. ती दाराकडे गेली. दार उघडलं नाही.

तो बाहेर आला तेव्हा खोली रिकामी. टेबलावर फडकं. फडक्यावर चार हत्यारांच्या जागा मोकळ्या. ती चारही मशीनपाशी, त्याच्या पायाशी.

त्याने झाकणं लावली. वायर लावली. पंचवीस कागद काढून पाहिले, पंचवीसही स्वच्छ. शेगडी बंद केली. पेटी कशी भरली, कुलूप कधी लावलं ते त्याला आठवत नाही; किल्ली खिशातच राहिली. निघतानाचा फोन विसरून नऊच्या सुमारास तो गाडीत होता.

पण गाडी जाणार कुठे? फाटकाबाहेर रस्ता कुठे आणि ओढा कुठे ते कळत नव्हतं. मोबाइलला त्या दरीत रेंज नाही. फोन आत, कचेरीत. खाटही आत. तो आत जाणार नव्हता. त्याने इंजिन चालू ठेवलं, हीटर वाढवला, सीट मागे पाडली आणि कोट अंगावर ओढला. काचा बघता बघता पांढऱ्या झाल्या. ऊब आली. छान वाटायला लागलं, असं तो म्हणाला. डोकं जरा जड. पण छान. हिरोशिमाच्या घरी हिवाळ्यात तिघं एका पांघरुणाखाली पाय घालून बसायची, तसं.

झोप लागत होती तेवढ्यात त्याने ऐकलं.

मशीन चालत होतं.

शाळेत दिवा नाही. आत माणूस नाही. आणि कॉपियर चालल्याचा तो आवाज, तुम्हाला आता झोपेतही ओळखू येईल असा. कागद उचलला. आत गेला. बाहेर पडला. कागद उचलला. आत गेला...

तो कान झाकून पडला. आवाज थांबेना. शंभर झाले असतील. मग त्याच्या डोक्यात जे आलं ते फक्त आपल्यासारख्याच्याच डोक्यात येईल. ट्रेमध्ये कागद किती होते? सकाळी डॉक्टरांना पुरतील का?

दार ढकलायला जोर लावावा लागला, बर्फ अर्ध्या दारापर्यंत आलं होतं. बाहेर पडला तो गुडघ्यांवरच पडला. ओकला. कसाबसा ओसरीपर्यंत गेला, कुलूप काढलं, दिवा लावला.

मशीन थांबलं.

बाहेरच्या ट्रेमध्ये कागदांची चळत. त्याने वरचा उचलला. कोरा. खालचा, कोरा. सगळे कोरे. आणि गरम.

तो तिथे उभा असतानाच कचेरीतला फोन वाजला.

"कुठे होतास?" मुकाई होते. "तासाभरापासून लावतोय. लागतच नव्हता."

"गाडीत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"इंजिन चालू आहे?"

"हो."

"आता परत गाडीत जाऊ नकोस. ऐकतोयस का? इंजिन असू दे चालू, गाडी गेली तरी चालेल. तू आत बस. खिडकीची फट ठेव, शेगडी लाव. आणि फोन ठेवू नकोस. काही बोलला नाहीस तरी चालेल. नुसता कानाला धर."

म्हातारा रात्रभर फोनवर होता. मधून मधून विचारायचा, आहेस का? हा म्हणायचा, आहे. एवढंच बोलणं. मशीनकडे पाठ करून बसायची कामोशिताची हिंमत झाली नाही, तोंड करूनही नाही. तो आडवा बसला. मशीन परत चाललं नाही.

सकाळी बर्फ काढणारं यंत्र घेऊन गावातला माणूस आला. गाडीच्या जागी नुसता उंचवटा होता. इंजिन कधी तरी रात्रीच गुदमरून बंद पडलं होतं. त्याने मागचं बर्फ फावड्याने काढलं आणि धुराची नळी दाखवली. हातभर खाली गाडली गेलेली.

"धूर सगळा गाडीतच येत होता, दादा," तो म्हणाला. "त्यातल्या विषारी वायूला वास नसतो. माणूस गोड झोपतो." मग फावडं खांद्यावर टाकून म्हणाला, "तुम्हाला बाहेर यायची बुद्धी कुणी दिली?"

कामोशिताने शाळेच्या दाराकडे पाहिलं.

डॉक्टर दीड तास उशिरा आले. म्हातारी माणसं कुबड्या टेकत, एकमेकांना धरत आली. एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या. इनाओका बाई कोऱ्या कागदांची चळत बघून म्हणाल्या, "एवढी तपासणी केलीत? तुम्ही लोक फारच काटेकोर बाई." आणि ते कागद त्यांनी परत ट्रेमध्ये घातले.

संध्याकाळी डेपोत सगळे गेल्यावर कामोशिताने मुकाईंना सांगितलं. पेटी, टेबल, पाच पावलं. राखाडी पट्टी. आकड्याचं टोक कामाच्या बाजूला. मुकाई टेबलावरचा पेन्सिलीचा तुकडा फिरवत ऐकत होते. राखाडी पट्टीपाशी पेन्सिल थांबली.

"तो कोट सहा वर्षांपूर्वी बदलला," ते म्हणाले.

मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"सेनो," मुकाई म्हणाले. "सेनो हिदेमित्सु. तू यायच्या पाच वर्षं आधी."

तेव्हा माणसं जोडीने जायची. मुकाई आणि सेनो सोळा वर्षं एका गाडीत. मुकाई मशीनच्या पोटात शिरायचे, सेनो मागे बसून हत्यारं द्यायचे. मुकाईंना मागायची वेळ क्वचितच यायची. हात मागे केला की हवं ते हातात. मग वरून हुकूम आला, एका गाडीत एकच माणूस. कुणी कुठे जायचं ती यादी मुकाईंनी केली. स्वतःकडे किनाऱ्याचा रस्ता घेतला, सेनोंना डोंगर दिला, कारण सेनो डोंगरातलेच.

"त्या जानेवारीत कायानोचं काम आलं. हेच मशीन. सेनो माझ्या टेबलाशी आला. म्हणाला, हे चार हातांचं मशीन आहे, मुकाई, एवढ्या वेळेला दोघं जाऊ. बर्फही आहे." मुकाईंनी गुडघा चोळला. "मी म्हटलं, हात दोनच लागतात. उगाच कुरकुर करू नकोस. हसून म्हटलं. तोही हसला."

सेनोंनी काम केलं, एकट्याने. परत येताना शाळेच्या खालच्या वळणावर गाडी रुतली. इंजिन चालू, हीटर चालू. सापडले दुसऱ्या दिवशी दुपारी. फोन करायचा नियम तेव्हा नव्हता. कुणी वाट बघत नव्हतं. बायको आधीच गेलेली. रात्रभर ते आले नाहीत हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मला तिकडे घेऊन चल," मुकाई म्हणाले.

दोन आठवड्यांनी गेले. वीस फेब्रुवारी, तोही मंगळवार. आभाळ स्वच्छ, बर्फ कडेला ढिगांनी. कामोशिताने बाईंकडून किल्ली मागून घेतली, नेहमीची तपासणी आहे म्हणून सांगितलं. सात वाजून गेले होते. मुकाईंनी दाराशी बूट काढले, हातमोजे काढून खिशात ठेवले, आणि म्हणाले, "तू बाहेर थांब."

कामोशिता ओसरीत थांबला. दाराच्या काचेतून दिसत होतं.

मुकाईंनी पेटी आणलीच नव्हती. झाकण उघडलं नाही. मशीनला बोट लावलं नाही. गुडघे दुखत असताना ते मशीनसमोर उकिडवे बसले, डोकं खाली घातलं आणि उजवा हात मागे केला. तळवा वर.

"आरसा," ते म्हणाले.

थांबले.

"चिमटा."

थांबले.

"आकडा."

खोलीत कोणी नव्हतं. कामोशिता सगळी खोली बघू शकत होता. टेबल, खुर्च्या, घड्याळ. म्हाताऱ्याचा हात हळूहळू खाली यायचा, ते परत वर उचलायचे. दहा मिनिटं. वीस. शेवटी ते काही मागत नव्हते. नुसता हात. रिकामा हात मागे धरून एक माणूस बंद मशीनसमोर बसलेला. कामोशिता म्हणाला, मला ते बघवेना, पण नजर काढवेना.

तासाभराने मुकाई बोलले. इतकं हळू, की काचेपलीकडून शब्द जेमतेम आले.

"चार लागतात, सेनो. चार हात लागतात."

काही झालं नाही.

ते उठले. मशीनला नव्हे, मागच्या रिकाम्या जागेला कमरेत खोल वाकून नमस्कार केला. बाहेर आले. कामोशिताने कुलूप लावलं. गाडीत बसले. मुकाई पट्टा लावायला वळले आणि तसेच राहिले.

कामोशिताने आतला दिवा लावला.

मुकाईंनी उजवा तळवा दिव्याखाली धरला होता. तळव्याच्या मधोमध काळी पूड. टोनर. पसरलेला डाग नव्हे. अंगठा. कुणी हातात काही ठेवून, ते पडू नये म्हणून अंगठ्याने दाबावं तसा, रेघ न् रेघ उमटलेला अंगठा.

मुकाईंनी हळूच मूठ मिटली. हामादापर्यंत सव्वा तासाचा रस्ता. त्यांनी ती मूठ मांडीवर तशीच धरून ठेवली. घराच्या दाराशी उतरतानाही, डाव्या हाताने खिशातली किल्ली चाचपडत, डाव्या हाताने दार उघडलं.